मन्सनला कलप

गेल्या शनिवारी माझ्या सासऱ्यांनी एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये, शे-दीडशे अनोळखी अमेरिकन माणसांच्या देखत, माझी चार वर्षांची अब्रू उजेडाकडे धरून पाहिली आणि 'ही चालायची नाही' म्हणून बाजूला ठेवली. आज गुरुवार. जेवणाच्या टेबलावर मी अजून त्यांच्याशी "आमटी वाढू?" याच्या पलीकडे बोललेलो नाही.

आधीचं थोडक्यात उरकतो. मी न्यू जर्सीत राहतो आणि १९७१ सालच्या टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या पुठ्ठ्यांचा, अख्खा संच जमवतो. खूळ मुलाचं होतं. तो लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये, खेळायचा तेव्हा कार्डं हवी म्हणून रडला, दोन वर्षांत कंटाळला आणि बास्केटबॉलकडे गेला. गोवर पोराचा, पण अंगावर राहिला बापाच्या.

१९७१च का, तर तो माझा जन्म. त्या वर्षी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला तिथे जाऊन हरवलं, मग इंग्लंडलाही, आणि आमच्या घरात म्हणे माझ्या बारशापेक्षा गावसकरच्या ७७४ धावांची चर्चा जास्त झाली. तेव्हापासून त्या वर्षाने माझ्याकडे जरा लक्ष द्यावं अशी इच्छा होतीच. पण हा संच निवडण्याइतका गाढवपणा दुसरा नाही, हे मला साडेतीनशे कार्डं घेऊन झाल्यावर कळलं. एकूण कार्डं ७५२. प्रत्येकाला चंद्रकळेसारखी काळीभोर कड. दिसायला राजस, पण जराशी घासली की आतला पांढरा पुठ्ठा बाहेर डोकावतो. काळ्या पँटला चुना लागावा तसा, नेमका आपण पाहुण्यांसमोर उभे असताना. त्या काळी ही कार्डं च्युइंगमच्या पाकिटात यायची. पोरं ती रबर लावून खिशात कोंबायची, चिमट्याने सायकलच्या आरीला लावून फटफट आवाज काढायची. यातून ज्याचे चारही कोपरे वाचले, ते कार्ड नव्हे, पुण्यात्मा.

त्यातही शेवटची शंभरेक, ६४४ पासून ७५२ पर्यंतची, बाजारात आली तेव्हा मोसम सरत आला होता. पोरांना फुटबॉलचे वेध लागलेले, दुकानदारांनी माल कमी मागवला. म्हणून आज ती महाग. कोण खेळाडू, किती खेळला, कुणाला ठाऊक नाही, पण भाव विचाराल तर माणूस हळूच खुर्ची ओढून बसतो.

मी 'आठ'वाला आहे. म्हणजे एक ते दहाच्या मापात आठ नंबरची कार्डं जमवणारा. कार्ड ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं, ते लोक भिंगाखाली कोपरे, कडा, चकाकी आणि छपाई मधोमध आहे का ते बघतात, आणि जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद करून नंबर डकवून परत पाठवतात. या पेटीला स्लॅब म्हणतात. घर बांधताना आपण जो टाकतो तोच शब्द, खर्चही साधारण त्याच जातीचा. आधी सात नंबरचं कार्ड घ्यायचं, मग आठचं मिळालं की सात विकायचं. डोंबिवलीचं वन-रूम-किचन विकून ठाण्याला जायचं तसं. फरक एवढाच की डोंबिवलीची जागा विकताना निदान घेतल्या भावाला तरी जाते.

बायकोचा या प्रकाराला विरोध नाही. ती फक्त हसते, ते जास्त लागतं. एकदा मी दुकानातून स्त्रियांचे नायलॉनचे पायमोजे घेऊन आलो, कारण पाकिटाच्या मेणाचे डाग नायलॉनने हलकेच पुसले की निघतात, ही या धंद्यातली पिढीजात विद्या आहे. पावती तिच्या हाती लागली. मी बेसबॉल, मेण, १९७१ असं सगळं सविस्तर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दुसरी बाई असती तर मला कमी वाईट वाटलं असतं."

तर अण्णा. माझे सासरे. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेत. छत्तीस वर्षं बँकेत कॅशिअर होते. आल्या आल्या तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत शिरले, टेबलावर स्लॅबमध्ये न गेलेली शंभरेक कार्डं होती, आणि मी कॉफी घेऊन येईपर्यंत त्यांनी जिभेला अंगठा लावून ती मोजायला घेतली होती. फर्रर्र, फर्रर्र, फर्रर्र. दर पाच कार्डांनी अंगठा जिभेला. मी ओरडलो असावा, कारण कॉफी सांडली.

"शंभर नाहीत, अठ्ठ्याण्णव आहेत," अण्णा म्हणाले. "दोन कमी दिलीत तुम्हाला."

"अण्णा, थुंकी नका लावू. पन्नास वर्षांची जुनी आहेत."

"मग स्पंज ठेवत चला टेबलावर."

पुढे त्यांनी विचारलं, यात गावसकर आहे का. नाही म्हटल्यावर, "मग कसलं एकाहत्तर!" म्हणून निघून गेले. पण खोलीत येणं चालूच राहिलं. एक गोष्ट त्यांनी विचारली ती मात्र मला कुणी विचारली नव्हती. यात नावाजलेल्या खेळाडूंपेक्षा काही साध्यासुध्यांचे आठ-नऊ नंबर जास्त दुर्मीळ का? मी सांगितलं की मेझ, एरन, क्लेमेंते यांची कार्डं पोरांनी जपून ठेवली, मोठेपणी ग्रेडिंगला पाठवली. बाकीच्यांची सायकलला लावली. अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅनेजरचा फोटो बँकेत अजून आहे. कॅशिअरचा कोण ठेवतो?"

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल माया वाटली आणि मी म्हणालो, "शनिवारी कार्डांचं प्रदर्शन आहे, येता का?" आपल्या पायावर धोंडा आपणच घ्यावा लागतो, तो कुणी आणून देत नाही.

हॉलमध्ये एसी होता म्हणून अण्णा कानटोपी घालून आले. मी गेली सहा वर्षं एका ठरावीक विक्रेत्याकडे जातो. साठीचा, डोक्यावर यांकीज या न्यू यॉर्कच्या बेसबॉल संघाची टोपी, समोर काचेची पेटी, आणि माझ्याशी बोलताना चेहऱ्यावर अशी शांतता, जशी सवलत मागणाऱ्या गिऱ्हाइकासमोर लक्ष्मी रस्त्यावरच्या सोनाराच्या चेहऱ्यावर असते. सहा वर्षांत एक डॉलर सोडलेला नाही. माझा बेत साधा होता. माझ्याकडचं थर्मन मन्सनचं कार्ड द्यायचं, वर रोख रक्कम घालायची आणि त्याच्याकडचं स्लॅबमधलं आठ नंबरचं मन्सन घ्यायचं.

मन्सन म्हणजे या संचातलं अनुक्रमांक पाचचं कार्ड, आणि सगळ्यात देखणं. बाकी खेळाडू पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे उभे. हा मात्र आडव्या कार्डावर, होम प्लेटपाशी, धूळ उडालेली, समोरून घसरत आलेला धावपटू. आदल्याच वर्षी त्याला उत्कृष्ट नवोदिताचा किताब मिळालेला, त्याचा चषक कोपऱ्यात छापलाय. पुढे यांकीजचा कप्तान झाला आणि १९७९ मध्ये स्वतःचं विमान उतरवताना गेला. माझं मन्सन मी चार वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये साडेतीनशे डॉलरला घेतलं होतं. कडा काजळासारख्या. रात्री झोप आली नाही की उठून बघायचो.

मी खोळीतलं कार्ड काचेवर ठेवलं. विक्रेत्याने हात पुढे करायच्या आत अण्णांनी ते उचललं, खोळीतून काढलं आणि छताच्या झुंबराकडे धरलं. विक्रेत्याच्या घशातून एक बारीक आवाज आला. अण्णांनी कार्ड सपाट पाहिलं, तिरकं पाहिलं, मग डोळा मिटून त्याच्या धारेकडे पाहिलं, सुरीची धार बघतात तसं.

"जावईबापू, ही नाही चालायची."

"अण्णा, ही नोट नाही, कार्ड आहे."

"तेच म्हणतोय. कलप लावलाय याला."

"काय म्हणताहेत ते?" विक्रेत्याने इंग्रजीत विचारलं.

"म्हणताहेत, फार सुंदर कार्ड आहे," मी भाषांतर केलं.

पण छत्तीस वर्षांच्या बँकेत इंग्रजी अगदीच येत नाही असं नसतं. "नो, नो," अण्णा म्हणाले. "हेअर डाय." विक्रेत्याला कळेना. तेव्हा अण्णांनी एक बोट कार्डाच्या कडेला लावलं, दुसरं स्वतःच्या काळ्याभोर मिशीला, आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "सेम."

शेजारच्या टेबलावरचा प्रेट्झेल खाणारा माणूस खायचा थांबला. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा बापाचा हात सोडून पुढे आला. अण्णांना श्रोते दिसले की ते मराठीतच बोलतात, आणि भाषांतराची जबाबदारी जगावर सोडतात. त्या क्षणी जग म्हणजे मी. म्हणजे माझ्याच फाशीचा हुकूम मीच वाचून दाखवायचा, तोही शुद्ध उच्चारात.

"त्यांना सांगा, छापलेला कागद कापला की कापलेली धार कुठल्या रंगाची? आतल्या. पांढरी. बरोबर?" मी सांगितलं. मुलाने मान डोलावली. "आता इथे बघा. धारपण काळी. ज्याने रंगवलंय त्याला थांबायचं कुठे ते कळलं नाही. नवशिका न्हावी असाच करतो. मिशी काळी करायला सांगा, गालापर्यंत नेतो." हे शेवटचं मी गाळलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाव्याचं सांगितलंत का?" मी न्हाव्याचं सांगितलं. प्रेट्झेलवाला मनापासून हसला.

विक्रेत्याने भिंग काढलं. मग खणातून जांभळ्या उजेडाची छोटी विजेरी काढली. अर्ध्या मिनिटाने त्याने कार्ड खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाला, "सर, यू आर राइट."

सर! सहा वर्षं मला 'बडी' म्हणतो.

पुढचा तास मला आठवायचा नाहीये, पण आठवतो. खुर्ची आली. कॉफी आली. विक्रेत्याने टेबलाखालून एक खोकं काढलं, नुकत्याच विकत घेतलेल्या काळ्या कडांच्या चाळीसेक कार्डांचं, आणि मला म्हणाला, "याबद्दल त्यांचं मत विचारशील?" अण्णांनी आधी स्पंज मागितला. विक्रेता म्हणाला, कृपया पाणी नको, आणि अण्णा ताबडतोब म्हणाले, "राइट, राइट, ओल्ड पेपर." माझ्या घरात दोन महिने घसा फोडून सांगितलं तेव्हा हे राइट कुठे गेलं होतं? कोरड्या अंगठ्याने त्यांनी खोकं चाळलं आणि तीन कार्डं बाजूला काढली. तिन्ही रंगवलेली निघाली. फी म्हणून कुठलंही एक कार्ड घ्या, असं विक्रेत्याने सांगितलं. अण्णांनी एका गोलंदाजाचं, म्हणजे पिचरचं, घेतलं, कारण त्याचा चेहरा त्यांच्या हेडकॅशिअरसारखा होता. मी नंबर पाहिला. सातशेच्या वरचा. माझ्या संचात नसलेला. 'मला द्या' म्हणायला जीभ रेटली नाही.

आता हसू बाजूला ठेवून सांगतो, मला राग अण्णांचा नाहीच. माझ्या साडेतीनशे डॉलरचा आहे. ज्याने ते कार्ड दिलं, त्याने माझ्या डोळ्यांत डोळे घालून दिलं होतं. पडकी खोली रंगवून भाड्याने देणाऱ्याला निदान पत्ता असतो, याला फक्त टेबल होतं. मी प्रदर्शनाच्या आयोजकाला विचारलं, तर तो म्हणाला, आम्ही टेबलाचं भाडं घेतो, माणसाची हमी घेत नाही. ग्रेडिंगला पाठवलं असतं तर कळलं असतं, हे खरं. पण ती फीदेखील एका माणसाच्या जेवणाएवढी, आणि आकडा येतो तो कुणाच्या तरी त्या दिवसाच्या मूडचा. माझं एक कार्ड सात म्हणून आलं, मी पेटी फोडून तेच पुन्हा पाठवलं, आठ आलं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "काउंटरवरचा माणूस बदलला असेल." आणि बड्यांचं काय? होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं ते जगप्रसिद्ध कार्ड, जे १९९१ मध्ये आइस हॉकीवाला वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४,५१,००० डॉलरला घेतलं, ग्रेडिंगमध्ये आठ मिळवून बसलं, त्याच्या कडा आपणच कापून नीट केल्या होत्या हे एका लिलाववाल्याने २०१३ मध्ये कबूल केलं. तरी ते किमतीत आहेच. माझ्या मन्सनला मात्र कुणी उचलायलाही तयार नाही. मोठ्याने केली तर हजामत, गरिबाने केली तर कलप.

घरी येताना मोटारीत अण्णा सांत्वन करत होते. मी त्यांना सांगत होतो की याच टॉप्सने १९५२ची न खपलेली कार्डं १९६० मध्ये आमच्या न्यू जर्सीच्याच किनाऱ्याबाहेर, नावेत भरून नेऊन समुद्रात टाकली. त्यांत यांकीजच्या नामांकित मिकी मँटलचीही होती, आणि उरलेल्यांतलं एक मँटल २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

"विसर्जन," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "आम्ही पण जुन्या नोटा पाठवायचो नष्ट करायला. एखादी ठेवून घ्यायला हवी होती."

मन्सन सध्या त्यांच्याकडे आहे. "तुम्हाला आता काय उपयोग?" म्हणून मागून घेतलं आणि औषधांच्या वहीत खूण म्हणून ठेवलंय, रक्तदाबाच्या पानाशी. काळी कड वहीबाहेर डोकावते. खोटं बोलणार नाही, अजूनही छान दिसते.

आज दुपारी विक्रेत्याचा मेसेज आला. सहा वर्षांत पहिलाच. पेनसिल्व्हेनियात कुणा म्हाताऱ्याच्या घरातून तीन हजार कार्डं घेतलीत, रविवारी तुझे सासरे मोकळे आहेत का? तू गाडीने सोडशील ना? मी जिन्यात उभं राहून वर ओरडून सांगितलं. वरून जरा वेळ काही आवाज नाही. मग अण्णा कठड्यापाशी आले, हातात ती वही.

"येतो म्हणावं. पण टीए-डीए मिळतो का विचारा," ते म्हणाले. "आणि नीट विचारा. परवासारखं मधलं गाळू नका."