कुंडीतला गांजा ‘चालतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘घरी गांजाचं एखादं रोप चालतं, गुन्हा फक्त विक्रीचा. सुकवून एक किलोच्या आत ठेवा, फार तर दंड होईल. पानं म्हणजे भांग, ती कायद्यात येतच नाही. घरचा माल शुद्ध, कॅन्सरच्या पेशंटला तर द्याच.’

सगळ्यात घातक आहे ती किलोची गोष्ट, कारण आकडा खरा आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानुसार १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प मात्रा’ ठरतो. पण तेवढ्यालाही १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय ही मर्यादा माल बाळगण्याची आहे. झाड लावणं हा कलम २० खाली वेगळा गुन्हा: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. तिथे रोपं किती, सुकल्यावर वजन किती, विकायचं होतं की नव्हतं, याने गुन्हा टळत नाही. आणि खोली आईवडिलांच्या नावावर असेल, त्यांनी माहीत असून गप्प बसून ती वापरू दिली असेल, तर कलम २५ त्यांनाही तीच शिक्षा सांगतं. वीस वर्षांच्या पोराला हे कोणी सांगत नाही, याचा मला संताप येतो.

भांगेचं म्हणणं अर्धंच खरं. फुलोऱ्याशिवायची पानं एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, पण बंदी अख्ख्या झाडाच्या लागवडीवर आहे. महाराष्ट्रात तर विनापरवाना भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही अडकते.

आता ‘शुद्ध’. गांजा म्हणजे सुकवलेला फुलोरा. तो बाहेरून कुरकुरीत लागला तरी आतल्या देठात पाणी उरतं. बरणीत बंद केला की ते पाणी हळूहळू बाहेर येतं, आणि बरणीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतच आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. लोणच्याला बुरा आला तर निदान दिसतो. इथे तो फुलोऱ्याच्या पोटात असतो. कॅनडासारख्या देशात परवानाधारक उत्पादक आर्द्रता नियंत्रित ठेवलेल्या खोल्यांत माल सुकवतात आणि मग प्रयोगशाळेत बुरशी, जंतू तपासून घेतात. घरी यातलं काय होणार?

अ‍ॅस्परजिलस बुरशीचे सगळे बीजाणू पेटवल्याने मरतात असंही नाही. ते धुराबरोबर फुफ्फुसात जातात. धडधाकट माणूस निभावून नेईल. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या पेशंटला तोच संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणजे मेसेज ज्याला ‘द्याच’ म्हणतो, त्यालाच सर्वात जास्त धोका. केमोच्या उलट्यांवर ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधं आहेत. त्यांनी भागत नसेल तर ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला, तसं स्पष्ट सांगा. औषध बदलता येतं, जोडीला दुसरं देता येतं.