डॉक्टरांनी मनावर घ्यावं म्हणून थोडी पूर्वतयारी

पाळी अकराव्या दिवशीही थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा आपल्यातल्या भोळ्या बायका काय करतात? रिक्षा करून एकट्याच दवाखान्यात जातात आणि "डॉक्टर, फार जातंय हो" एवढं सांगून मोकळ्या होतात. इथेच सगळं फसतं. आपल्याला बरं नाही हे आपणच सांगायचं म्हणजे स्वतःच्या खटल्यात स्वतःच साक्षीला उभं राहायचं. अशी साक्ष कोण धरतं?

तेव्हा आधी एक पुरुष मिळवा. नवरा असला तर उत्तम, नसला तर भाऊ, दीर, अगदी शेजारचे काकासुद्धा चालतील. पहिल्या दोन खेपांना मी एकटी गेले होते. "एकवीस दिवस झाले" म्हटल्यावर उत्तर मिळालं, "तारखा लिहून ठेवत जा, अंदाज चुकतो." तिसऱ्या डॉक्टरांकडे नवऱ्याला नेलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "किती दिवस झाले?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकवीस." तो डॉक्टरांना म्हणाला, "एकवीस." डॉक्टरांनी लगेच लिहून घेतलं.

बाई डॉक्टर गाठली की ती समजून घेईल, असा एक समज आहे. असू द्या. माझ्या दुसऱ्या डॉक्टर बाईच होत्या. "मलाही येते पाळी," त्या हसून म्हणाल्या, "तरी ओपीडी चालूच असते ना माझी?" आता यावर काय बोलणार? मी शाळेत शिकवते. माझेही पिरियड चालूच होते, दोन्ही अर्थांनी.

दवाखान्यात जाताना काय घालायचं हा विषय हलक्यात घेऊ नका. इस्त्रीची साडी आणि कपाळाला टिकली लावून गेलात तर "तुम्ही तर छान दिसताय!" ऐकून परत याल. विस्कटलेल्या गेलात तर "टेन्शन घेताय का फार?" रडलात तर टेन्शनवर शिक्कामोर्तब होतं. नाही रडलात तर त्रास फारसा नाही. मी बराच विचार करून या निष्कर्षाला आले आहे की उजव्या डोळ्यात एक थेंब आणावा आणि तो खाली पडू देऊ नये.

आता प्रश्न येतो 'फार म्हणजे किती?' हा. त्याचं उत्तर मिलिलीटरमध्ये तयार ठेवा. एका पाळीत एरवी साधारण 30 ते 40 मिलिलीटर रक्त जातं आणि 80 च्या वर गेलं तर ते जास्त, असा पुस्तकी हिशोब आहे. 80 मिलिलीटर म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा, काठोकाठ. हा आकडा आला 1966 साली, स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या पाहणीतून. तिथल्या संशोधकांनी बायकांच्या अंदाजावर भरवसा ठेवलाच नाही. वापरलेली पॅड गोळा करून नेली आणि त्यातलं रक्त रसायनात सोडवून मोजलं. तुमच्या घरी प्रयोगशाळा नसेल तर 1990 मध्ये इंग्लंडात निघालेला चित्रांचा तक्ता आहे. पॅड जरासं भिजलं तर 1 गुण, मध्यम भिजलं तर 5, चिंब झालं तर 20, गाठींचे वेगळे. बेरीज शंभरावर गेली की रक्तस्राव जास्त. गुणदान हा माझा रोजचाच धंदा. लाल पेनाने आखून, तारीखवार, सही करायचीच काय ती बाकी ठेवून मी तक्ता भरला. बेरीज आली 340. आयुष्यात शंभरावर गुण पहिल्यांदाच मिळाले. तिसऱ्या डॉक्टरांनी कागद वरून खाली पाहिला, "व्वा, अक्षर सुंदर आहे" म्हणाले, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गोळीचं नाव लिहून दिलं.

ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की मोजत बसू नका. रक्तस्रावामुळे बाईच्या रोजच्या जगण्यात, कामात, मनःस्थितीत अडथळा येत असेल तर तो जास्तच समजा. थोडक्यात, बाई म्हणते ते खरं धरा. हे डॉक्टरांसमोर चुकूनही बोलू नका. "गूगल वाचून आलात का?" हा प्रश्न तुमच्या फायलीच्या पहिल्या पानावर कायमचा चिकटेल.

आणि वय. वय फार जपून सांगा, कारण असं एकही वय नाही ज्या वयात हे 'होतंच'. चुकले. असं एकही वय नाही ज्या वयात हे 'होतच नाही'. रक्त कमी झालं की वाक्यंही उलटी पडतात, माफ करा. तेराव्या वर्षी 'सुरुवातीला असंच असतं'. विसाव्या वर्षी 'लग्न झालं की बसेल घडी'. लग्न झाल्यावर 'एक मूल होऊ दे'. मूल झाल्यावर 'आता बाळंतपण झालंय, थोडं वरखाली व्हायचंच'. तांबी बसवली असेल तर 'तांबीने होतं थोडं' (होतं, हे खरं आहे, थोडं की फार ते मात्र कुणी विचारत नाही). चाळिशीत 'चाळिशी'. पंचेचाळिशीत 'जायची वेळ आली, जाता जाता त्रास देणारच', जणू पाळी म्हणजे घर सोडताना दिवे फोडून जाणारा भाडेकरू. खरं तर पंचेचाळिशीनंतर असं झालं तर गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून बघावा असं शास्त्र सांगतं, पण शास्त्र ओपीडीत बसत नाही.

'सुरुवातीला असंच असतं' या वाक्याची मात्र मला भीती वाटते. 1924 साली फिनलंडमधल्या ओलांद बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरकडे आली. घरात रक्त न थांबण्याचा त्रास अनेकांना. त्याने सगळ्या घराण्याचा माग काढला आणि 1926 मध्ये या आजारावर लेख लिहिला. आज तो आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजारांत सगळ्यात जास्त आढळतो तो हाच. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली. चौथी पाळी होती तिची. माझ्या वर्गात तेरा वर्षांच्या चव्वेचाळीस मुली आहेत. त्यातली एखादी दर महिन्याला चार दिवस गैरहजर राहते आणि पाचव्या दिवशी पांढरीफटक होऊन येते, तेव्हा आम्ही हजेरीपत्रकात लाल शाईने 'गै' लिहितो.

घरच्या आघाडीकडेही लक्ष असू द्या. आई फोनवर जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून खायला सांगेल, सासूबाई तांदळाचं धुवण. दोन्ही निमूट घ्या, त्याने निदान दोन्ही घरं शांत राहतात. "आमच्या वेळी कुठे होतं असलं काही?" याला उत्तर देऊ नका. त्यांच्या वेळी त्या चार दिवस बाजूला बसायच्या, तेव्हा कुणी मोजायला गेलंच नव्हतं.

तांदळावरून आठवलं. त्या वर्षी मला कच्चे तांदूळ खायची सवय लागली. निवडायला म्हणून ताट घेऊन बसायचं आणि एकेक करत मूठभर दाणे दाताखाली कुरकुर फोडायचे. नंतर खडू. तास संपला की उरलेला तुकडा फळ्याखालून उचलून मी आधी हुंगायचे आणि मग, कुणी नाही असं बघून, चाटायचे. शाळेत खडू खाणाऱ्या पोरांना मी वीस वर्षं ओरडत आले आहे. शरीरातलं लोह संपलं की माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला कुठल्याच डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही लाजेने सांगितलं नाही. तुम्ही सांगा. पण हळू आवाजात.

शेवटी खरा मान मिळतो तो आकड्यालाच. रक्त तपासायला दिलं त्या संध्याकाळी लॅबमधल्या मुलाचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सकाळी चालत आला होतात का?" मी म्हटलं, "हो, दोन जिने चढून. का?" तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "हिमोग्लोबिन सहा पॉइंट चार आहे." बाईचं बारा तरी हवं. त्या क्षणी मी अधिकृतपणे आजारी पडले. सकाळी जिना चढणारी मी आणि संध्याकाळी फोनवरची मी यांत काडीचाही फरक नव्हता, पण आता माझ्यापाशी कागद होता. तरी फार फुशारकी मारू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त वर्ग नापास झाला की आम्ही शिक्षक काय करतो? पेपर अवघड होता म्हणतो आणि सगळ्यांना वर ढकलतो.

मग मला शिरेतून लोहाच्या बाटल्या चढवल्या. घरी खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई. दर महिन्याला वरून भरायचं आणि खालून वाहू द्यायचं. घागरीला भोक कुठे आहे हे बघायची कल्पना पुढे यायला आणखी पाच महिने जायचे होते.

कारण या प्रवासात दोनच स्टेशनं आहेत. पहिलं 'नॉर्मल आहे' आणि शेवटचं 'पिशवी काढून टाकू'. मध्ये गाडी थांबत नाही. चौथ्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "दोन मुलं आहेत ना? मग आता काय करायचीये पिशवी? गुरुवारी या." बोहारणीला जुनी साडी देतानासुद्धा मी याहून जास्त वेळ घेते.

मधली स्टेशनं आहेत, फक्त पाट्या लावलेल्या नाहीत. जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने 2011 मध्ये अशा रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट ठरवून दिले: पिशवीतले कोंब, गाठी, पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत शिरणं, कर्करोग, रक्त न गोठणं, बीज वेळेवर न सुटणं आणि आणखी तीन. प्रत्येकाचा उपाय वेगळा. हार्मोनवाली तांबी असते, ती साध्या तांबीच्या उलट रक्तस्राव कमी करते. आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाची साधी गोळी असते. ती फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घ्यायची, शिरेत गुठळी होण्याचा इतिहास नाही हे डॉक्टरांनी बघून. हे औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी, नवऱ्याच्या जोडीने, आणि 1962 मध्ये प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी ते वापरून बघा, असं त्या तिथल्या डॉक्टरांना सांगत राहिल्या. कुणी मनावर घेतलं नाही. अखेर वीस हजार बायकांवर त्याची चाचणी झाली, औषधाने जीव वाचतात असं दिसलं आणि निकाल 2017 मध्ये छापून आला. बाई 2016 मध्ये वारल्या होत्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन. तेव्हा तुमची पाचवी खेप असेल तर फार मनाला लावून घेऊ नका.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, एकही प्रश्न न विचारता, पूर्ण गांभीर्याने घ्यावं असं वाटत असेल तर एक हमखास मार्ग आहे. बीडच्या ऊसतोड कामगार व्हा. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, निघाला की एक दिवसाचा खाडा म्हणजे दंड. पाळी, गाठी, ओटीपोटातलं दुखणं यांना फडात जागा नाही. तिथे खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी 'कॅन्सर होईल' एवढं म्हटलं की पिशवी काढायचं काम फत्ते. 2019 मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. कित्येक तर पस्तिशीच्याही आतल्या. मला पुण्यात एक सोनोग्राफी लिहून द्यायला दीड वर्ष लागलं. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम आला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं. म्हणजे आता पिशवीवर एका सहीचा आणखी मान.

मी गुरुवारी गेले नाही. पाचवा दवाखाना बघितला. तिथल्या प्रतीक्षागृहात मलईच्या रंगाचा सोफा होता आणि माझा नंबर होता सतरावा. मी भिंतीला टेकून उभी राहिले. काळी सलवार, दोन पॅड, वर ओढणी पुढून मागून. स्वागतकक्षातली मुलगी दोनदा म्हणाली, "बसा ना मॅडम." मी दोनदा म्हटलं, "बरं आहे." तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बसावंच लागलं. उठले तेव्हा सोफ्यावर तळहाताएवढा डाग होता. तिने तो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा सोफा पाहिला. त्यानंतर माझा नंबर सतरावरून पहिला झाला. एवढी सोपी युक्ती मला दीड वर्ष सुचली नव्हती. तुम्ही मात्र थेट फिक्या रंगाचा सोफा बघूनच दवाखाना निवडा.

या डॉक्टरांनी मात्र खरंच तपासलं. खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, माती-खडू खाता का विचारलं. मी हो म्हटलं आणि मान खाली घातली. सोनोग्राफी पुन्हा झाली. चार सेंटिमीटरची गाठ, अस्तर स्नायूत शिरलेलं. पिशवी काढायची लगेच काही गरज नाही, आधी गोळ्या आणि मग हार्मोनची तांबी बसवून बघू, असं ठरलं. हे सगळं लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि शिकल्यासवरल्या बाईला विचारावं तशा जरा रागानेच विचारलं, "एवढे दिवस अंगावर का काढलंत?"

मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, म्हणजे कापडाची, आणि तिच्यातून चार डॉक्टरांच्या चार फायली काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या.