एकदा होकार मिळाला म्हणजे झाले?

हौशी छायाचित्रकारांच्या गटांमधून गेले काही महिने एक लांबलचक फॉरवर्ड फिरतो आहे आणि कॅमेरा घेतलेल्या प्रत्येक नव्या मुलाला तो कुणी ना कुणी पाठवतोच. ग्लॅमर फोटोग्राफीचा छंद ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी त्यात काही ‘नियम’ दिले आहेत. त्यांचा सारांश असा: फोटो काढणाऱ्याचाच कॉपीराइट असतो, त्यामुळे मॉडेल एकदा हो म्हणाली की फोटो कुठेही टाकता येतात, कागदपत्रे पुढे केली की मॉडेल बिचकते, म्हणून सगळे तोंडी ठरवावे, शूटला तिने कुणाला सोबत आणू नये, कारण मोकळेपणा जातो, हौशी माणसाने मॉडेलला पैसे देऊ नयेत, कॉलेजच्या मुली सहज तयार होतात, तिथून सुरुवात करावी, ग्लॅमर म्हणजे कमी कपडे आणि महाग लेन्स, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातली संपादन न केलेली मूळ फाइल) कधीही देऊ नये. पुण्यात नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी हा छंद करत आलो आहे आणि यांतल्या काही चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, आणि सर्वसाधारणपणे पहिली मालकीही तिचीच, इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. मात्र त्याच कायद्याच्या 17व्या कलमात एक अपवाद आहे, जो फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकतर वाचला नाही किंवा वाचून गिळला. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी ज्याने ते काढून घेतले त्याची असते. आता पुण्यात काय घडते ते पाहा. ऑडिशनसाठी पोर्टफोलिओ हवा असलेली नवोदित मुलगी हौशी फोटोग्राफरला थोडेफार पैसे देऊन फोटो काढून घेते, आणि हा गृहस्थ ‘माझा कॉपीराइट’ म्हणून त्यांवर स्वतःच्या नावाचा वॉटरमार्क टाकून मोकळा होतो. लेखी काही ठरले नसेल, तर त्या फोटोंची मालकी त्याची नसून तिची असण्याचीच शक्यता अधिक.

बरे, मालकी फोटोग्राफरचीच आहे असे धरून चालू. तरीही कॉपीराइटमुळे त्याला एवढेच मिळते की इतरांनी त्या छायाचित्राची नक्कल करू नये. छायाचित्रातल्या माणसाचा खासगीपणा हा वेगळा हक्क आहे आणि तो त्या माणसापाशीच राहतो. वाड्याचा मालक असला म्हणून त्याला भाडेकरूच्या खोलीत वाटेल तेव्हा शिरता येत नाही, हे पुणेकराला वेगळे समजावून सांगायला नको.

ग्लॅमर, त्यातही अंतर्वस्त्रांतले फोटो काढणाऱ्यांनी तर भारतीय न्याय संहितेचे 77वे कलम मुळातून वाचावे. 2013 साली जुन्या भारतीय दंड संहितेत 354-क म्हणून आलेली तरतूद 1 जुलै 2024 पासून या नव्या संहितेत आहे. आपल्याला कुणी पाहत नाही अशी स्त्रीची अपेक्षा असताना तिच्या खासगी कृतीचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे यासाठी पहिल्या दोषसिद्धीला किमान एक आणि कमाल तीन वर्षे कारावासाची शिक्षा त्यात आहे, आणि ‘खासगी कृती’च्या व्याख्येत शरीराचे खासगी भाग केवळ अंतर्वस्त्रांनी झाकलेले असणेही येते. याच कलमाला जोडलेले एक स्पष्टीकरण आपल्या कामाचे आहे: स्त्रीने चित्रणाला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवायला दिली नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हाच ठरतो. म्हणजे काढण्याचा होकार निराळा आणि दाखवण्याचा निराळा, हे कायद्याने इतके सरळ सांगितले आहे की ‘एकदा हो म्हणाली’ हे वाक्य तिथेच संपते.

माझी चूक यापेक्षा कितीतरी साधी होती आणि तिच्यात अश्लील काहीच नव्हते. काही वर्षांपूर्वी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत एका मुलीचे सुती साडीतले फोटो काढले होते. दुपारी साडेचारचा उजेड समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून आत येत होता, ती केस बांधता बांधता कशाला तरी खळखळून हसली आणि तो क्षण मला मिळाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहताना ती म्हणाली, “हा नको.” मी ते लाजणे समजलो आणि आठवड्याभराने नेमका तोच फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. रात्री तिचा फोन आला. “दादा, मी नको म्हटलं होतं ना? त्यात माझी तुटलेली दाढ दिसते. त्या बाजूनं मी कुणासमोर हसत पण नाही.” मला ती दाढ दिसलीच नव्हती, मला फक्त उजेड दिसला होता. फोटो मी तत्काळ काढून टाकला, पण तोवर कुणीतरी तो दुसऱ्या एका गटात ‘उत्तम कॅन्डिड’ (नकळत टिपलेला फोटो) म्हणून पाठवला होता आणि तिथून तो परत आणणे माझ्या हातात नव्हते.

तेव्हापासून मी एक पानी कागद करतो. फॉरवर्ड म्हणतो की कागद पाहून मॉडेल बिचकते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आदल्या दिवशीच पाठवलेला, साध्या मराठीत लिहिलेला कागद पाहून बिचकलेली एकही व्यक्ती मला आठवत नाही, आणि बिचकलेले जे आठवतात ते दोघे फोटोग्राफर होते. त्या कागदावर शूटचा दिवस, जागा आणि वेळ, कपडे कोणते, फोटो कुठे कुठे वापरले जातील, संपादन केलेले किती आणि केव्हापर्यंत मिळतील, विक्री किंवा जाहिरातीसाठी वापरायचे झाल्यास पुन्हा विचारले जाईल, एवढेच असते. मालकी किंवा वापराचा परवाना दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखीच द्यावा लागतो, हे कॉपीराइट कायदाच सांगतो. तेव्हा ‘तोंडी ठरवा’ हा सल्ला फोटोग्राफरच्याही हिताचा नाही.

सोबत कुणाला आणू न देण्याचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. अनोळखी पुरुषाच्या घरी किंवा तासावर घेतलेल्या स्टुडिओत एकट्या मुलीने यावे आणि वर मोकळेही असावे, ही अपेक्षा करणाऱ्याने क्षणभर स्वतःच्या बहिणीला त्या जागी ठेवून पाहावे, म्हणजे अधिक युक्तिवादाची गरज पडणार नाही. सोबतीमुळे शूट बिघडते हे कधीकधी खरे असते, विशेषतः सोबतचा माणूस मागे उभा राहून “जरा हास की” अशा सूचना करू लागला तर. पण त्याचे कारण तो रिकामा असतो हे आहे. मी सोबत आलेल्याच्या हाती पांढरा सनबोर्ड, म्हणजे उजेड परतवणारा हलका फळा, देतो आणि चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूने हनुवटीखाली कसा धरायचा ते दाखवतो. एका मॉडेलच्या थोरल्या बहिणीने तो दोन तास इतका मन लावून धरला की शेवटी तीच मला सांगू लागली, “दादा, आता डोळ्यांत ठिपका येत नाहीये, थोडं पुढे येऊ का?” डोळ्यातला तो प्रकाशाचा ठिपका पोर्ट्रेटमध्ये किती महत्त्वाचा असतो हे मला कळायला वर्ष लागले होते.

याच बहिणीमुळे आणखी एक अडचण सुटते. पदराची चुणी सरकते, केसांची बट डोळ्यांवर येते, आणि नवा फोटोग्राफर ती नीट करायला सहज हात पुढे करतो. तो करू नये. स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवावे, आरसा द्यावा किंवा बहिणीला सांगावे. मी घरी शूट असेल तेव्हा कोण कोण हजर असेल हे आधीच कळवतो आणि खाली फाटकापर्यंत घ्यायला जातो, कारण सोसायटीचा वॉचमन वहीवर नाव लिहायला लावताना “कुणाकडे? कशाला?” हे ज्या सुरात विचारतो, तो सूर ऐकूनच अर्धा आत्मविश्वास जिन्यात राहतो.

कॉलेजच्या मुलींचा मुद्दा थोडक्यात. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा महाविद्यालयाच्याच आवारात भरतात, त्यामुळे ‘कॉलेजची मुलगी’ सोळा वर्षांचीही असू शकते. अठराच्या आतील व्यक्तीची सही करार म्हणून ग्राह्य नाही, आणि ग्लॅमरसारख्या प्रकारात तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, 2012 डोळ्यांसमोर ठेवून तिथे वळूच नये. जन्मतारखेचा पुरावा पाहावा, फोटोकॉपी साठवत बसू नये.

पैशांबद्दल फॉरवर्ड जो हिशेब मांडतो तो एकाच बाजूचा आहे. ‘टीएफपी’ (टाइम फॉर प्रिंट्स) म्हणजे दोघांनी वेळ द्यायचा आणि मोबदल्यात दोघांनी फोटो घ्यायचे. पिंपरीहून कोथरूडला यायचे, तासभर मेकअप करायचा, साडी, दागिने आणि नथ स्वतःची आणायची, आणि मग माझ्या डोक्यातली कल्पना उभी करायची, याला ‘फुकट’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. फोटो तिच्याही उपयोगाचे असतील तर टीएफपी योग्य. कल्पना सर्वस्वी माझी असेल आणि त्या फोटोंचा तिला काही उपयोग नसेल, तर पैसे द्यावेत, तेही ठरल्या वेळी आणि न मागता. (पाताळेश्वर लेण्यासमोर नऊवारीतल्या मुलीचा फोटो, ही पुण्यातल्या निम्म्या हौशी लोकांची ‘स्वतःची कल्पना’ असते, हे जाता जाता नोंदवतो. पाताळेश्वर आणि शनिवारवाडा दोन्ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे ट्रायपॉड उभा करण्याआधी परवानगी विचारावी.)

कमी कपडे आणि महाग लेन्स या मुद्द्याला इतिहासच उत्तर देतो. 1930 मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट स्टुडिओत रुजू झालेल्या छायाचित्रकार जॉर्ज हरेल यांनी हॉलिवूडच्या ग्लॅमर पोर्ट्रेटला जो घाट दिला, तो दिव्याच्या आणि सावलीच्या जोरावर. आपल्याकडे गौतम राजाध्यक्ष (1950–2011) यांची ओळख ग्लॅमर फोटोग्राफर म्हणूनच होती आणि त्यांची लक्षात राहिलेली छायाचित्रे मुख्यतः चेहऱ्यांची आहेत. लेन्सचे म्हणाल, तर क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर साधी 50 मिमी, एफ 1.8 ची लेन्स 75 ते 80 मिमीसारखे दृश्य देते, आणि चेहऱ्यासाठी तेवढे पुरते. खिडकीला पांढरे धोतर बांधून मॉडेलला तिच्याजवळ बसवले, की उजेड मऊ पडतो आणि मागची भिंत आपोआप अंधारात जाते. हे कळल्यावर मी एक दिवा विकून टाकला.

रॉ फाइल देऊ नये, या शेवटच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे. अर्धे शिजलेले ताट कुणी वाढत नाही. पण न देणे म्हणजे लपवणे नव्हे. शूट झाल्यावर सगळे फोटो मी लॅपटॉपवर तिच्यासोबत बसून पाहतो, आणि त्या एक पानी कागदाच्या तळाशी ‘नको असलेले फोटो’ अशी एक रिकामी ओळ असते, तिथे ती फाइलचे क्रमांक लिहिते. ते मी तिच्यादेखत पुसतो. गेल्या शूटच्या कागदावर त्या ओळीत अकरा क्रमांक आहेत, आणि त्यांतले दोन फोटो त्या दिवसातले माझे सर्वांत आवडते होते.