इंजिन बंद पडलं तरी उतरता येतं, पण उतरायचं कुठे?

परवा मावशीचा फोन आला. "मे महिन्यात केदारनाथला जायचं ठरतंय. गुडघ्यांनी चालवत नाही, म्हणून हेलिकॉप्टर बघतोय. पण त्याला एकच इंजिन असतं म्हणे रे. वर गेल्यावर बंद पडलं तर?"

मी नाशिकरोडचा. गांधीनगरच्या लष्करी वैमानिक प्रशिक्षण शाळेतली चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं घरावरून जाताना बघतच मोठा झालो. मावशीला म्हटलं, इंजिन गेलं म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये ज्यां बुले या वैमानिकाने 'लामा' हे हलकं हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! तिथल्या गारठ्यात इंजिन विझलं ते पुन्हा सुरूच झालं नाही. बुले इंजिनाशिवाय थेट जमिनीपर्यंत आले, सुखरूप. आपलं चीता म्हणजे एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलेलं हेच लामा.

हे जमतं कसं? इंजिन थांबलं की वैमानिक डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा दांडा, लगेच खाली दाबतो. कोन कमी होतो, आणि हेलिकॉप्टर खाली येताना खालून लागणारी हवाच पाती फिरवत ठेवते, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग कमी करायचा आणि पात्यांत उरलेला जोर वापरून अलगद टेकायचं. तो जोर एकदाच वापरता येतो. म्हणून जागा सपाट हवी, मोकळी हवी, आणि वर तारा नकोत.

माझा सगळा जीव इथे अडकतो. ८ मे २०२५ ला उत्तरकाशीत गंगनानीजवळ एका हेलिकॉप्टरने रस्त्यावर उतरायचा प्रयत्न केला. प्राथमिक चौकशी अहवाल सांगतो की रस्त्याला समांतर गेलेल्या केबलला पातं लागलं. हेलिकॉप्टर दरीत कोसळलं, सहा जण गेले. महिनाभरात, ७ जूनला, केदारनाथला निघालेल्या हेलिकॉप्टरमध्ये बडासूच्या हेलिपॅडवरून उडताच तांत्रिक बिघाड झाला. वैमानिकाने ते हायवेवर उतरवलं. शेपूट उभ्या गाडीवर आदळलं, वैमानिकाला इजा झाली, पाचही प्रवासी वाचले. दोन्हीकडे वैमानिकाला सापडला तो रस्ताच. एका रस्त्यावर केबल होती.

हंगामात त्या दऱ्यांतून दिवसभर फेऱ्या चालतात. मग उड्डाणमार्गाखाली ठरावीक अंतरावर उतरण्यापुरत्या जागा राखून का ठेवू नयेत? दरीतल्या तारांवर वैमानिकाला लांबून दिसतील असे रंगीत गोळे का लावू नयेत? याला किती खर्च येणार आहे! तिकिटाच्या पैशातून करा, यात्रेकरू आनंदाने देतील. वैमानिकाचं कौशल्य आपण गृहीत धरतो आणि त्याला लागणारी जागा मात्र देत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मावशीला मी जाऊ नकोस म्हटलं नाही. पण त्याच वर्षी १५ जूनला गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेही यात्रेकरू होते. त्या दिवशी हवा खराब होती. म्हणून तिच्याकडून एक कबूल करून घेतलं: ढग उतरले आणि वैमानिक "आज नको" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही आणि बरोबरच्यांनाही घालू द्यायची नाही. मावशी म्हणाली, "एक दिवस जास्त राहू रे, त्यात काय."