खाऱ्या टाकीत गोडं पाणीच घालायचं असतं: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमच्या समुद्री अ‍ॅक्वेरियमबद्दलचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. बाकीच्या मुद्द्यांवर येतोच, पण तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. टाकीतले सगळे दगड उकळत्या पाण्यात टाकून 'निर्जंतुक' करणार आणि नव्याने सुरुवात करणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपया ते करू नका. त्यातल्या एका दगडावर झोअँथिड (बटणांसारखी दिसणारी कोरल) आहेत, आज मिटलेले असले तरी आहेत. झोअँथिडच्या काही जातींत आणि त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. असे दगड उकळल्यावर निघालेली वाफ श्वासात जाऊन घरातली माणसं हॉस्पिटलात भरती झाल्याच्या नोंदी आहेत. उकळू नका, आणि गरम पाण्याखाली ब्रशने घासूही नका. टाकीत हात घालाल तेव्हा हातमोजे घाला, बोटाला चीर असेल तर हात घालूच नका, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

आता तक्रारीकडे. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 20 लिटरची टाकी तुम्ही आमच्याकडच्या काचा आणि सिलिकॉन नेऊन स्वतः जोडली. लाइव्ह रॉक (जीवाणू आणि इतर जीव वस्तीला असलेले समुद्री दगड), वाळू आणि समुद्री मीठही आमच्याकडचंच. पुढे तीन लहान कोरल नेली. आज त्यातली झेनिया विरघळून गेली आहे, झोअँथिड मिटून बसलेत, मश्रूम कोरल आक्रसलंय. त्याआधी मासेही मेले होते. तुमच्या मते सिलिकॉन विषारी होतं, दगडात किडे होते, कोरल आधीपासूनच मरतुकडी होती, आणि वर दुकानदाराने 'समुद्राच्या टाकीत रोज गोडं पाणी घाला' असा उफराटा सल्ला दिला. तो सल्ला आपण मानला नाही, असंही तुम्ही अभिमानाने लिहिलंय. माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातंय, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

टाकीतलं पाणी आटतं तेव्हा नुसतं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठागरात हे मुद्दाम करतात, तुमच्या टाकीत ते नकळत झालं. पाण्याची पातळी खाली गेली याचा अर्थ उरलेलं पाणी जास्त खारट झालं. ती पातळी परत वर आणायला मीठ घातलेलं पाणी ओतलं, की ओतलेलं मीठ आधीच्या मिठात जादा पडतं.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. टाकी 20 लिटरची असली तरी दगड आणि वाळू जागा खातात, प्रत्यक्ष पाणी 16 लिटरच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे तुमच्या टाकीत एकूण 560 ग्रॅम. तुम्ही लिहिता की रोज दोन ग्लास खारं पाणी घालत होतो. दोन ग्लास म्हणजे अर्धा लिटर, म्हणजे रोज साडेसतरा ग्रॅम जादा मीठ. दहा दिवसांत ते 175 ग्रॅम होतं आणि खारटपणा 35 वरून 46 वर जातो. तुम्ही आणलेल्या बाटलीतलं पाणी आमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) 44 आलं. मधे एकदा तुम्ही पाणी बदललं होतं आणि वाफही रोज सारखी होत नाही, त्यामुळे एवढा फरक राहणारच. तांबडा समुद्र खारटपणासाठी प्रसिद्ध आहे, तोही 40 च्या आसपास असतो, आणि तिथली कोरल पिढ्यान्पिढ्या त्या पाण्यात रुळलेली आहेत. झेनियाला ते दहा दिवसांत जमवायला सांगणं म्हणजे फारच झालं.

मग कोरल नेईपर्यंत सगळं ठीक कसं होतं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तेव्हा तुम्ही टाकीवर काचेचं झाकण ठेवत होता. पाणी जवळजवळ आटतच नव्हतं, म्हणून कोरल देण्याआधी तुमचं पाणी तपासलं तेव्हा ते 35 भरलं. पुढे उकाडा वाढला, पाणी 29 अंशांवर जायला लागलं, म्हणून तुम्ही झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. तो निर्णय बरोबर होता, कोरलना 25-26 अंश मानवतात. पण पंखा पाणी थंड करतो तो वाफ करूनच. त्या दिवसापासून रोज दोन ग्लास कमी व्हायला लागले आणि तुम्ही ते खाऱ्या पाण्याने भरत गेलात. टाकीच्या काठावर आणि पंपाच्या वायरवर पांढरी पापडी धरलीय, असं तुम्ही सिलिकॉनच्या तक्रारीत लिहिलंय ना? ती सिलिकॉनमधून आलेली नाही. ते मीठ आहे, बोटाने खरवडलं की निघेल.

'माझ्या हायड्रोमीटरवर तर 1.025 च दिसत होतं,' असं तुमचं म्हणणं आहे. 1.025 म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याएवढी घनता. तो हायड्रोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायची काट्याची डबी, बाटलीबरोबर तुम्ही दाखवायला आणला होता. डबीतला काटा ज्या खिळीवर फिरतो तिथे मिठाचा खडा बसला होता, मोहरीच्या अर्ध्याएवढा. काटा जड झाला की वर उचलत नाही आणि आकडा कमी दाखवतो. उलट काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर तो जास्त दाखवतो. दर वेळी वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुवायचा, एवढीच त्याची अपेक्षा असते, पण ती कोणी पाळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर तोही 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र 35 पाशी चुकलेलं असू शकतं.

टॉप-अपचं, म्हणजे आटलेलं भरून काढायचं, गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे, हे आम्ही तेव्हाही सांगितलं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी तांबं असतं, आणि थोडंसं तांबंसुद्धा गोगलगायी, कोळंबी आणि कोरल यांना सोसत नाही. पिण्याच्या प्युरिफायरचं पाणीही टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने तपासून घ्या, कारण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात. मीटरवर शून्य हवं.

मासे. टाकी सुरू केल्यावर पाचव्या दिवशी तुम्ही क्लाउनफिशची जोडी मागितलीत आणि आम्ही दिली नाही. त्याला तुम्ही 'गिऱ्हाईक परत पाठवण्याची पद्धत' म्हटलंय. त्या दिवशी तुमच्या पाण्यात अमोनिया स्पष्ट दिसत होता, नळीतला पिवळा रंग हिरवा झाला होता. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री टाकीचा पीएच 8.1 च्या आसपास असतो आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, म्हणून गोड्या पाण्यातले मासे जे निभावून नेतात ते इथे निभत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती जोडी दुसरीकडून आणलीत. त्यांनी ती का दिली ते मला माहीत नाही, त्यावर मी बोलणार नाही. पण अमोनिया शून्य असता तरीही 16 लिटरसाठी क्लाउनफिश मी दिले नसते. पूर्ण वाढलेली मादी आठ-नऊ सेंटिमीटरची होते. या मापात एखादा छोटा गोबी ठीक, आणि एकही मासा नसला तर माझ्या मते आणखी उत्तम.

सिलिकॉनचा आंबूस वास व्हिनेगरचा आहे. या प्रकारचं सिलिकॉन घट्ट होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. वास गेला की ते पाण्यात घालायला तयार. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन मात्र टाकीला कधीच वापरू नये, आणि तुम्ही ते वापरलेलं नाही. दगडातले 'किडे' म्हणजे ब्रिसल वर्म. ते उरलेलं खाणं आणि मेलेलं खातात, म्हणून मेलेल्या झेनियावर तुम्हाला ते दिसले. झेनियाला मारणारे ते नव्हेत. त्यांचे केस बोटात रुततात, तेव्हा पुन्हा हातमोजेच. वाळूवरचा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टाकीत तो येतो आणि सिलिका संपली की आपोआप ओसरतो, त्यासाठी औषध आणू नका, आम्ही विकणारही नाही.

एक मुद्दा मला आवडला. 'पूर्वी लोक नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर कोरल ठेवायचे, तुम्ही यंत्रं विकता,' असं तुम्ही म्हणता. ठेवायचे, खरंच. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये नेमकी हीच पद्धत मांडली: जिवंत दगड, हवा आणि उजेड. पण त्यांच्याकडे खरं समुद्राचं पाणी होतं, तुम्हाला ते पिशवीतल्या मिठातून बनवावं लागतं. आणि यंत्रांचं म्हणाल तर प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) या मापाला लागत नाही म्हणून आम्हीच तो तुम्हाला घेऊ दिला नाही, बिल बघा. आठवड्याला दोन लिटर पाणी काढून ताजं खारं पाणी घातलं की घाणही निघते आणि कोरलना लागणारं कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही भरून निघते. लहान टाकीचा हा एक मोठा फायदा आहे. तोटा असा की 200 लिटरमध्ये दोन ग्लासांची गडबड कळतसुद्धा नाही, 16 लिटरमध्ये कळते. लहान म्हणजे सोपी, हे आमच्या दुकानात कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आता पुढे काय करायचं ते. मश्रूम जिवंत आहे आणि झोअँथिडही बहुधा जगतील, पण खारटपणा एका दिवसात खाली आणू नका, तो दुसरा धक्का होईल. रोज अर्धा लिटर टाकीचं पाणी काढा आणि तेवढंच शून्य टीडीएसचं पाणी, टाकीच्याच तापमानाचं, थोडं थोडं करून घाला. शिवाय जेवढं आटेल तेवढं वेगळं. रोज साधारण सव्वा अंकाने खारटपणा उतरेल आणि आठवडाभरात 35 येईल. काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि टॉप-अप रेघेपर्यंतच करा. झेनियाचा उरलेला चिकट भाग सायफनने काढून टाका.

मेलेल्या कोरलचे आणि माशांचे पैसे परत मिळणार नाहीत. मासे आमचे नव्हते, आणि कोरल तुम्हाला दिली तेव्हा उघडी आणि फुललेली होती. सिलिकॉनची न उघडलेली ट्यूब परत घेऊ. हा आठवडा तुम्हाला झेपणार नसेल तर मश्रूम आणि झोअँथिडचा दगड आमच्या टाकीत ठेवा, त्याचं काही घेणार नाही. पाण्याची तपासणीही फुकटच आहे, आधीही होती. नमुना आणताना बाटली टाकीच्याच पाण्याने खळबळून घ्या आणि तोंडापर्यंत भरून झाकण लावा, अर्धवट भरलेल्या बाटलीत वाटेत पीएच बदलतो.

– दुकानमालक