हे जॅझच आहे!

आज एका जुन्या मित्रानं लंडनच्या नव्या जॅझबद्दल लिहिलंय की सॅक्सोफोनखाली जमैकाच्या रेगे संगीताचा बेस आणि कॉम्प्युटरचे आवाज घातले की जॅझ होत नाही, भेसळ होते. वाचल्यापासून डोकं फिरलंय.

कुठून येतो हा सोवळेपणा? 1964 साली जमैकाच्या किंग्स्टनमध्ये स्काटलाइट्स हा बँड जमला, तेव्हा त्यात वाजवत कोण होतं? डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, रोलंड अल्फोन्सो. सगळे जॅझमध्ये मुरलेले. त्यांच्या स्का या नाचऱ्या संगीतातून पुढे त्याचंच संथ रूप, रॉकस्टेडी, आणि मग रेगे आला. रेगे जॅझच्या घरात घुसलेला परका नाही, घरचंच पोर आहे ते!

माझ्या मामाला मी लंडनची सॅक्सोफोनवादक नुबाया गार्सिया हिचा 2020 चा 'सोर्स' हा अल्बम ऐकवला होता. मामा म्हणजे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनपुढे कुणाला न मोजणारा माणूस. अल्बमच्याच नावाचा तो लांबलचक ट्रॅक सुरू झाला, डबचा, म्हणजे मिक्सरवर मोडून-जोडून केलेल्या रेगेचा, जड बेस आला आणि मामाच्या कपाळाला आठ्या. पण उठला नाही. सॅक्सोफोन चढत गेला तसा पाय हलायला लागला. मग म्हणाला, "बेसवर कोण आहे रे?" डॅनियल कॅसिमिर. "जागा किती सोडतात हे!"

अगदी हेच. रेगेच्या वन ड्रॉप या ठेक्यात पहिली मात्रा मोकळी असते, ड्रमचा ठोका पडतो तिसरीवर. त्या मोकळ्या जागेत सोलो वाजवणाऱ्याला श्वास घेता येतो. मामाला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या कानांनी पकडलं.

आणि यंत्रांचं म्हणाल तर 'बिचेस ब्रू' 1970 सालचा आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या त्या टेप्स निर्माता टेओ मासेरोनं कापून, जोडून अल्बम उभा केला. 1983 मध्ये जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकनं 'रॉकिट'मध्ये टर्नटेबलचं स्क्रॅचिंग, म्हणजे तबकडी हातानं मागेपुढे घासल्याचा आवाज, आणलं. तिकडे जमैकात डबचा उस्ताद किंग टबी मिक्सरवर बसून गाणं मधेच गायब करायचा, बेस-ड्रम उघडे ठेवायचा, एको सोडायचा, सगळं त्या क्षणी सुचेल तसं. याला इम्प्रोव्हायझेशन म्हणायचं नाही तर कशाला?

हो, नुसता लूप, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा, लावून वर सॅक्सोफोन शिंपडणारेही आहेत. मान्य. पण बेबॉपची, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या वेगवान जॅझची, पोपटपंची करणारे काय कमी आहेत?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मित्राचं या संगीतावर जीवापाड प्रेम आहे, म्हणूनच तो घाबरतो. मामाही घाबरला होताच की, पहिली दोन मिनिटं. गड्या, तू मॉन्टी अलेक्झांडरपासून सुरुवात कर. किंग्स्टनचा पियानोवादक, अस्सल स्विंगवाला, आणि 1999 मध्ये त्यानं बॉब मार्लेच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केलाय. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बेस नीट ऐकू येईल असं काहीतरी घे. पूर्ण ऐक आणि मग खुशाल भांडायला ये.