ह्युएन त्संगाचा अपमान झाला का? एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'साइयुकी'वरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. धर्मग्रंथांसाठी वाळवंटं तुडवत भारतात आलेला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेलेला ह्युएन त्संग या जपानी मालिकेत सिगारेट ओढतो, दारू पितो, पिस्तूल चालवतो. हा एका थोर भिक्षूचा अपमान आहे. शिवाय चीनचं पुराण उचलायचं, त्यातली श्रद्धा काढून टाकायची, देखणे चेहरे लावून विकायचं, याला मी कौतुकाने 'नवी निर्मिती' म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. मारामारी आणि ॲनिमेची (ॲनिमेशन मालिकेची) लांबीही तुम्हाला नको वाटली.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. माझ्या लेखात खऱ्या ह्युएन त्संगाबद्दल एक अक्षर नव्हतं. मराठीत लिहिताना हे राहायला नको होतं. इ. स. 641च्या सुमारास तो आपल्याकडे आला, तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. त्याने या प्रदेशाचं नाव चिनी लिपीत 'मो-हो-ला-चा' असं उतरवलं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून मग शस्त्र उचलतात, असं त्याने लिहून ठेवलंय. डोंगरातल्या एका विहाराचं वर्णनही त्यात आहे: अचल नावाच्या अर्हताने बांधलेला, दाराबाहेर दगडी हत्ती असलेला. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवरचे हत्ती आणि 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखातलं अचलाचं नाव पाहिलं, की तो विहार कोणता हे सांगावं लागत नाही. त्याच्याबद्दल तुम्हाला वाटणारी आपुलकी मलाही वाटते.

पण त्या माणसात आणि 'साइयुकी' ही मांगा (जपानी चित्रकथा) रचणाऱ्या काझुया मिनेकुराच्या सान्झोमध्ये, म्हणजे त्या कथेतल्या भिक्षूमध्ये, हजारावर वर्षांचं अंतर आहे, आणि त्या अंतरात एक कादंबरी उभी आहे. 1592 साली नानजिंगला छापलेली, शंभर अध्यायांची, वू छंग-अन याच्या नावावर सांगितली जाणारी 'पश्चिमेची यात्रा'. मिनेकुराने हात घातला तो या कादंबरीत. आणि तुम्ही ज्याला अपमान म्हणता, तो करायचं काम या कादंबरीने चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवलंय.

खरा ह्युएन त्संग किती खंबीर होता बघा. देशाबाहेर जायला बंदी असताना राजाज्ञा मोडून, लपतछपत तो निघाला आणि 645मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. कादंबरीतला भिक्षू मात्र संकट दिसलं की घोड्यावरून कोसळतो, रडतो. राक्षसीण माणसाचं रूप घेऊन आली तर तिच्यावर विश्वास ठेवतो आणि तिला ओळखणाऱ्या वानराला, सुन वुखोंगला, हाकलून देतो. ते वानर तर बुद्धाच्या तळहातावर लघवी करून आलेलं. आणि 98वा अध्याय! सगळी संकटं सोसून ही मंडळी बुद्धाच्या दारी पोचतात, तर बुद्धाचे शिष्य आनंद आणि काश्यप त्यांच्याकडे चक्क चिरीमिरी मागतात. ती मिळत नाही म्हणून कोरे ग्रंथ हातावर ठेवतात. तक्रार गेल्यावर बुद्ध हसतो आणि ग्रंथ फुकट देऊन चालत नाही, असंच सांगतो. शेवटी भिक्षूला आपलं भिक्षापात्र द्यावं लागतं, तेव्हा कुठे अक्षरं असलेले ग्रंथ मिळतात. चिनी वाचकांनी हे शतकानुशतकं प्रेमाने वाचलं. यात श्रद्धा नाही असं कुणाला वाटलं नाही.

आता 'उचलून विकलं' याबद्दल. मिनेकुराने मूळ कादंबरी किती बारकाईने वाचलीय, हे नावांवरून कळतं. 1997मध्ये सुरू झालेल्या तिच्या मांगामध्ये सान्झोचं लहानपणीचं नाव कोर्यू आहे, म्हणजे नदीच्या प्रवाहातून आलेला. नदीत सोडलेलं हे बाळ आणि हे नाव, दोन्ही जुन्या चिनी कथेतले. कादंबरीत भिक्षूचे साथीदार स्वर्गातून हाकललेले अधिकारी आहेत: वराह पूर्वी स्वर्गाच्या सेनेत सेनापती होता, शा भिक्षू दरबारातला सरदार आणि खुद्द भिक्षू बुद्धाचा शिष्य, 'सोनेरी सिकाडा'. कादंबरी हे चार शब्दांत सांगून पुढे जाते. मिनेकुराने त्या पूर्वजन्मावर 'साइयुकी गाइदेन' ही अख्खी वेगळी कथा रचली, आणि पात्रांची नावं तीच, जपानी उच्चारात, ठेवली: तेन्पो, केन्रेन, कोन्झेन. वरवर उचलणारा माणूस इतक्या आत शिरत नाही. कादंबरीचं जपानी नावही 'साइयुकी'च; पण शीर्षकातसुद्धा तिने 'साइ' हा उच्चार ठेवून 'पश्चिम' या अर्थाचं चिन्ह काढलं आणि 'सर्वांत' या अर्थाचं घातलं. आपण मूळ ग्रंथ सांगत नाही आहोत, हे ती मुखपृष्ठावरच कबूल करते.

तिच्या हाक्काईचंच, म्हणजे त्या वराहाच्या जागी आलेल्या पात्राचंच, घ्या. कादंबरीतला वराह खादाड आणि बाईवेडा. 'आठ व्रतं' या अर्थाचं त्याचं नाव वाचताना हसू येतं. मिनेकुराचा हाक्काई मृदू बोलणारा, नीटनेटका माणूस आहे. प्रिय स्त्रीला पळवून नेलं म्हणून त्याने हजार योकाई (राक्षसासारखे जीव) मारले आणि त्या रक्ताने तो स्वतःच योकाई झाला. त्याला जेव्हा हे व्रतांचं नाव मिळतं, तेव्हा अजिबात हसू येत नाही. तुम्ही मारामारीवर आक्षेप घेतलात. त्या मारामारीचा हिशेब मागणारी पात्रं याच कथेत आहेत, एवढंच मी म्हणेन. शत्रूपक्षातला राजपुत्र कोगाइजीसुद्धा लढतो तो दगड होऊन पडलेल्या आईसाठी. त्या आईचं नाव रासेत्सुन्यो. त्यातलं 'रासेत्सु' म्हणजे संस्कृतातला 'राक्षस', चीनमार्गे जपानला पोचलेला.

आणि सान्झो. त्याला वाढवणारा गुरू कोम्यो त्याला 'मुइचिमोत्सु' शिकवतो: आपलं असं काहीच नाही. जोडीला नवव्या शतकातल्या लिन-ची या झेन गुरूचं वचन येतं: बुद्ध भेटला तर बुद्धाला मार, गुरू भेटला तर गुरूला मार. म्हणजे बुद्धालाही चिकटून राहू नकोस. नंतर ज्या रात्री गुरू आपलं पद या पोराला देतो, त्याच रात्री त्याला वाचवताना त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. काहीही धरून ठेवू नये असं शिकलेला मुलगा मग वर्षानुवर्षं गुरूचा चोरलेला ग्रंथ शोधत हिंडतो. ती सिगारेट, ते पिस्तूल, तो तुसडेपणा सगळं या जखमेवरचं आहे. हा भिक्षू श्रद्धाहीन आहे असं मला कितीही वेळा वाचून वाटलं नाही.

'जपानने चोरलं' हे तर मला मुळीच पटत नाही. या कथेच्या सर्वांत जुन्या छापील रूपांपैकी एक क्योतोच्या कोझान-जी मठाने सांभाळून ठेवलं. वान बंधूंचा 1941चा चिनी ॲनिमेशनपट पाहून भारावलेल्या तेझुका ओसामूने 1952मध्ये स्वतःच्या सोन गोकूची (वानराचं, सुन वुखोंगचं, जपानी नाव) मांगा सुरू केली. 1978च्या जपानी दूरदर्शन मालिकेत तर सान्झोची भूमिका मासाको नात्सुमे या अभिनेत्रीने केली. 1984मध्ये तोरियामाने वानराला शेपटीवाला पोरगा केलं आणि 'ड्रॅगन बॉल' जगभर गेलं. मिनेकुरा या रांगेत बरीच मागे उभी आहे.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. 2000च्या ॲनिमेचे 50 भाग सलग पाहणं जड जातं. होमुरा नावाचा देव आणि त्याची सगळी गोष्ट मांगात नाही, ॲनिमेसाठी जोडलेली आहे. सुरुवात ॲनिमेपासून करा, असं मी लेखात लिहिलं होतं ते मागे घेते. मांगापासून करा. अजिंठ्याचा परिच्छेदही आज रात्री लेखात घालते. आणि कोम्योच्या शेवटच्या रात्रीचं प्रकरण वाचलंत, की त्यानंतरही सान्झो तुम्हाला अपमान वाटतो का, ते इथेच खाली लिहा. मी वाट पाहीन.